अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे कण्हणे

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडी एक जुना समज असे. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे त्या म्हणत. हा समज केवळ आपल्याकडचाच आहे असे नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत आठव्या महिन्याच्या गर्भावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातही हेच मत मांडलेले आढळते. शास्त्राच्या दृष्टीने ते चुकीचे होय. आईच्या पोटात एकेक आठवडा अधिक काढला की बाळाची जगण्याची आशा वाढतच जाते. परंतु आपल्या दुसऱ्या एका रीतीमागे मात्र खरा अनुभव असावा असे वाटल्यावाचून राहत नाही. पाचवीची पूजा व्हावी, सटवाईने कपाळी अक्षरे लिहून जावे, आणि मगच बाळाच्या आयुष्याचा भरवसा धरावा, अशी ती रीत. अपुऱ्या दिवसांचे मूल श्वासाच्या विकाराने दगावायचेच असेल, तर ते बहुधा पहिल्या तीन दिवसांत दगावते. पाचवी उजाडेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो.

अशा मुलाजवळ रात्रभर बसणाऱ्या सुइणीस एक आवाज ऐकू येई. प्रत्येक श्वास सोडताना बाळ बारीक स्वरात कण्हे. त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाई, नाकपुड्या फुलत, ओठ निळसर पडत. हे कण्हणे सुरू झाले म्हणजे लक्षण बरे नव्हे, हे सुईण ओळखी आणि पुढे पुढे रुग्णालयांतील परिचारिकाही ओळखू लागल्या. पण ते कण्हणे म्हणजे मरणाची चाहूल नसून त्या इवल्या जिवाने स्वतःच शोधलेला उपाय होता, ही गोष्ट वैद्यकास उमगावयास विसाव्या शतकाची साठ वर्षे उलटावी लागली. ती कशी उमगली, आणि आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे राहणाऱ्या कुटुंबास तिचे महत्त्व काय, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. १९२६ साली परळास नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि राजे एडवर्ड यांच्या नावाचे म्हणजेच के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, आणि १९२९ साली त्यांच्या शेजारीच बाई जेरबाई वाडिया हे केवळ मुलांसाठी असलेले रुग्णालय उघडले. एवढ्या थोड्या जागेत बाळंतिणीची, बाळाची आणि वैद्यकीय शिक्षणाची अशी तिहेरी सोय झाली, ही मुंबईच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. परंतु ही सोय शहराची होती. अंधेरी व घाटकोपर हे भाग १९५० साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि बोरिवली व मुलुंड तर १९५७ साली. बोरिवली स्थानक चर्चगेटपासून सुमारे ३४ किलोमीटर दूर आहे. पुढे घाटकोपरास राजावाडी, विलेपार्ल्याजवळ कूपर, बोरिवलीस भगवती आणि मुलुंडास अगरवाल अशी महापालिकेची रुग्णालये झाली, ठिकठिकाणी प्रसूतिगृहे निघाली. तरी कोवळ्या बाळाची अवघड केस म्हटली की वाट परळाची किंवा शीवची, हा परिपाठ दीर्घकाळ राहिला. हे अंतर ध्यानात ठेवावे. शेवटी आपणांस त्याच्याकडेच परत यावयाचे आहे.

अकाली जन्मलेल्या मुलास वाचविण्याचा पहिला यशस्वी उपाय उबेचा होता. पॅरिसच्या मॅटर्निटे रुग्णालयात तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने १८८०च्या सुमारास अशा मुलांसाठी उबदार पेट्या वापरावयास आरंभ केला. आपल्या बायका जिला ‘काचेची पेटी’ म्हणतात तिची ती पूर्वज. या पेटीचे लोकांस इतके नवल वाटे की न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथील जत्रेच्या बागेत १९०३ पासून १९४३ पर्यंत मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ अशी मुले पेट्यांत ठेवून, पाहणाऱ्यांकडून तिकीट घेऊन, त्याच पैशांवर त्यांचे संगोपन करीत असे. उबेने अनेक मुले वाचली. पण फार अपुऱ्या दिवसांची, म्हणजे सदतीस आठवड्यांऐवजी अठ्ठावीस-तीस आठवड्यांतच जन्मलेली मुले त्या उबदार पेटीतही कण्हत, थकत आणि मरत. त्यांस ऊब मिळाली होती, दूध थेंबाथेंबाने मिळत होते. श्वास तेवढा पुरत नव्हता.

तो का पुरत नाही, याचे मूळ समजून घेण्यास फुग्याचे उदाहरण पुरेसे आहे. नवा फुगा फुगविताना पहिली फुंक सर्वांत जड जाते. एकदा तो थोडा फुगला की पुढचे काम सोपे होते. आपल्या फुप्फुसांत अशा सूक्ष्म फुग्यांची, म्हणजे वायुकोशांची, प्रचंड संख्या असते, आणि त्यांची आतली बाजू ओलसर असते. ओल्या पृष्ठभागास आकसण्याची ओढ असते. ही ओढच वायुकोश मिटावयास लावते आणि कोश जितका लहान तितकी ती अधिक जाचते. १९२९ साली, म्हणजे परळास मुलांचे रुग्णालय उघडले त्याच वर्षी, फॉन नीरगार्ड या संशोधकाने फुप्फुसे एकदा हवेने आणि एकदा द्रवाने भरून पाहिली. द्रवाने ती फारच थोड्या दाबाने फुगत. हवा आणि ओल यांची गाठ जेथे पडते तेथेच अडचण आहे, हे त्यातून दिसून आले. परंतु या शोधाकडे कित्येक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

निसर्गाने या अडचणीवर तोड काढून ठेवली आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत साबणासारखे काम करणारे एक स्निग्ध द्रव्य तयार असते, त्यास सर्फॅक्टंट म्हणतात. ते पाण्याची ओढ कमी करते, म्हणून श्वास सोडल्यावरही वायुकोश थोडेसे उघडे राहतात आणि पुढचा श्वास हलका जातो. हे द्रव्य गर्भाच्या शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसे होते. जे बाळ त्याआधीच जगात येते त्याचे वायुकोश प्रत्येक श्वासाअखेर मिटून जातात, आणि त्यास दर मिनिटास साठ-सत्तर वेळा नवा फुगा पहिल्यापासून फुगवावा लागतो. १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या विकाराने दगावलेल्या बालकांच्या फुप्फुसांत हे द्रव्य उणे असते, असे दाखवून दिले. रोगाचे कारण हाती आले, पण उपाय हाती आला नव्हता.

उपाय म्हणून तोवर एकच गोष्ट केली जाई, ती म्हणजे पेटीत प्राणवायू सोडणे. बाळ निळे पडते, तर प्राणवायू वाढवावा, हा विचार सरळ होता. परंतु त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली. १९४२ साली बॉस्टनच्या टेरी या नेत्रवैद्याने अकाली जन्मलेल्या मुलांत एका नव्या प्रकारच्या अंधत्वाची नोंद केली. पुढे १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी त्याचा संबंध मुक्तहस्ते दिलेल्या प्राणवायूशी जोडला, आणि अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ते खरे ठरले. हजारो मुलांची दृष्टी जगभर अशा रीतीने गेली होती. मिटलेल्या वायुकोशात प्राणवायू पोचतच नाही. जो पोचतो तो रक्तावाटे कोवळ्या डोळ्यांस इजा करू शकतो. आधी कोश उघडा राहिला पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावयाचा होता.

हा विकार गरीब-श्रीमंत पाहत नाही, याची साक्ष १९६३च्या ऑगस्टात साऱ्या जगास मिळाली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोहून थोडे अधिक होते. आजच्या मानाने हे बाळ फारसे अपुरे म्हणता येणार नाही. बॉस्टनच्या उत्तम रुग्णालयात, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीतसुद्धा ठेवून पाहिले, तरी दोन दिवसांच्या आतच ते गेले. जगातील सर्वांत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखाजवळही त्या दिवशी आपल्या बाळाचा श्वास टिकविण्याचे साधन नव्हते.

आता कण्हण्याकडे वळू. १९६८ साली दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे हॅरिसन, हीस आणि क्लाइन या वैद्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही मुले कण्हतात ती कशासाठी? त्यांनी पाहिले की श्वास सोडताना बाळ कंठाचे दार अर्धवट मिटून घेते आणि त्याविरुद्ध कुंथते. त्यामुळे हवा एकदम बाहेर न पडता फुप्फुसांत काही क्षण दाबाखाली कोंडून राहते, आणि वायुकोश मिटू पावत नाहीत. कंठातून नळी घातली की कण्हणे बंद पडे, आणि त्याबरोबर रक्तातील प्राणवायू घसरे. नळी काढली की बाळ पुन्हा कण्हू लागे आणि प्राणवायू वर येई. ज्या आवाजास लोक आजवर केवळ व्याधीचे चिन्ह समजत आले होते, तो व्याधीवरचा उपाय होता. त्यात उणीव एवढीच की हा उपाय करता करता बाळ दमून जाई.

मग ते काम बाळाऐवजी आपणच का करू नये? सॅन फ्रान्सिस्को येथील जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांचे सहकारी यांनी हे करून दाखविले. बाळाने श्वास स्वतःच घ्यावा, परंतु त्याच्या वायुमार्गात थोडासा दाब सतत राखावा, म्हणजे श्वास सोडल्यावरही कोश उघडे राहतील, अशी त्यांची युक्ती होती. १९७१ साली त्यांनी वीस बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील सोळा जगली. ज्या विकारापुढे आठच वर्षांपूर्वी सारे हतबल झाले होते, त्यात हे यश थक्क करणारे होते. यासच पुढे ‘सीपॅप’ हे नाव रूढ झाले.

ग्रेगरी यांच्या बहुतेक बालकांस हा दाब कंठातील नळीतून दिला होता. पण नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. तेव्हा नळी कंठात न उतरविता नाकपुड्यांतच दोन मऊ, आखूड नळ्या बसविल्या तर? १९७३ पासून अशा नासिकानळ्या वापरात येऊ लागल्या, आणि येथून बाळाच्या शरीरात काही न खुपसता श्वासास आधार देण्याचे युग सुरू झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेन-टिएन वंग यांनी तर हा दाब राखण्याची अगदी घरगुती वाटावी अशी रीत रूढ केली. ती अशी: नाकातील नळ्यांतून उबदार, दमट हवा आणि प्राणवायू यांचे मिश्रण वाहत ठेवावयाचे, आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवावयाचे. टोक पाच सेंटिमीटर खोल बुडविले की बाळाच्या फुप्फुसांत साधारण पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब राहतो. बाटलीत बुडबुडे येत आहेत तोवर दाब आहे. ते थांबले की कोठे तरी हवा गळते आहे. दाब मोजण्यास फुटपट्टी पुरते, आणि यंत्र नीट चालले आहे की नाही हे परिचारिकेस कानानेही कळते.

इतके सोपे साधन हाती असता जगाने त्याचा स्वीकार लगेच केला असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. त्याच काळात व्हेंटिलेटर, म्हणजे कंठातील नळीतून बाळाच्या वतीने श्वास घेणारे यंत्र, सुधारत गेले आणि मोठ्या यंत्राची छाप मनावर पडली. त्याने अनेक बालके वाचविली, हे खरे. पण कोवळ्या फुप्फुसांत जोराने हवा भरल्याने ती झिजत, आणि जगलेली कित्येक मुले महिनोन्महिने प्राणवायूवर अवलंबून राहत. १९८७ साली अमेरिकेतील आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा हा जुनाट फुप्फुसविकार सर्वांत कमी आढळला तो वंग यांच्या कोलंबियात. पुढे २००८ आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, अठ्ठावीस आठवड्यांच्या आतबाहेरच्या अतिशय कोवळ्या बालकांनाही प्रथम नाकावाटे सीपॅप देणे हा व्हेंटिलेटरला योग्य पर्याय ठरतो, असे दिसून आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा श्वासविकाराची लक्षणे दिसणाऱ्या अकाली बालकांना सीपॅप द्यावे, अशी शिफारस केली.

दरम्यान आणखी दोन उपायांची जोड मिळाली होती. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स व हावी यांनी दाखविले की अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईस स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. आपल्यासारख्या देशांतही याचा उपयोग होतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले, आणि तीत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा वाटा होता. दुसरा उपाय, जपानच्या फुजिवारा यांनी १९८० साली प्राण्यांच्या फुप्फुसांपासून काढलेले सर्फॅक्टंट बाळाच्या फुप्फुसांत सोडण्याचा. ते महाग असते, परंतु अगदी लहान बालकांस त्याची गरज पडते.

तरीही केवळ साधन असून भागत नाही, हे शिकण्यास आपणांस परदेशी जावयास नको. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकविले. घरी जन्मलेले बाळ श्वास घेत नसेल तर मुखवटा आणि हाताने दाबावयाची पिशवी यांच्या साह्याने त्यास श्वास कसा द्यावा, हेही त्या शिकल्या. कंठात नळी नाही, वीज नाही, जवळ डॉक्टर नाही. १९९९ साली त्यांचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ३९ गावांत हे काम चालले तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरले होते. हे यश अर्थात एकट्या पिशवीचे नव्हे. ऊब, आईचे दूध, जंतुसंसर्गावरील औषध आणि घरोघर जाऊन घेतलेली काळजी या साऱ्यांचे ते होते.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीही नवजात विभागात हीच दिशा धरली. परिचारिका थोड्या, बालके फार, आणि जंतुसंसर्ग नित्याचा. अशा स्थितीत त्यांनी बाटलीच्या दुधास फाटा दिला, आयांना बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घेतले, आणि १९८९ साली तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. श्वासाच्या आधाराशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. सीपॅपवर तीन दिवस तगलेले बाळ पुढच्या आठवड्यात जंतुसंसर्गाने गेले, तर तो श्वास व्यर्थच गेला म्हणावयाचा.

आता बोरिवली-मुलुंडच्या त्या अंतराकडे परत येऊ. समजा, उपनगरातील एखाद्या लहान प्रसूतिगृहात मध्यरात्री तिसाव्या आठवड्यातच बाळ जन्मले आणि कण्हू लागले. त्यास उचलून दूरच्या मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत जो तास-दोन तासांचा वेळ जातो, त्यात आधाराविना वायुकोश एकामागून एक मिटत जातात. अंगाची ऊब जाते. आणि आई मागेच राहते. म्हणूनच अशा बाळास जन्मानंतर हलविण्यापेक्षा जन्मापूर्वीच, आईच्या पोटात असताना, योग्य ठिकाणी नेणे केव्हाही श्रेयस्कर. या शतकाच्या पहिल्या दशकात महानगरपालिका आणि डॉ. फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापिलेली ‘स्नेहा’ संस्था यांनी मिळून, प्रसूतिगृहांतून उपनगरी रुग्णालयांकडे आणि तेथून मोठ्या रुग्णालयांकडे कोणत्या बाईस केव्हा पाठवावे, याची शिस्त लावण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे मर्म हेच होते.

नाकावाटे द्यावयाच्या दाबाचे ऐतिहासिक महत्त्वही येथेच आहे. व्हेंटिलेटर चालविण्यास पुष्कळ तज्ज्ञ लागतात, म्हणून तो थोड्याच जागी राहतो. पाण्याच्या बाटलीचे साधन मात्र मधल्या रुग्णालयातही चालू शकते, आणि मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवरही बाळास आधार देऊ शकते. अट एवढीच की जवळ जाणती परिचारिका हवी. नळ्या घट्ट बसल्या तर नाकाच्या पडद्यास जखम होते, सैल बसल्या तर दाब राहत नाही. पोटात हवा साचते ती काढावी लागते. क्वचित फुप्फुसास छिद्र पडते ते वेळीच ओळखावे लागते. प्राणवायू हवेत मिसळून, रक्तातील प्रमाण मोजूनच द्यावा लागतो, नाही तर १९४२ सालचा तो जुना शाप पुन्हा डोळ्यांवर येतो. अशा बाळाचे डोळे म्हणूनच पहिल्या महिन्यातच नेत्रवैद्याने तपासावे लागतात. शिवाय सीपॅपने प्रत्येक बाळ वाचतेच असे नाही. काहींस सर्फॅक्टंट द्यावे लागते, काहींस व्हेंटिलेटरच लागतो, आणि ते ओळखून वेळेवर पुढे पाठविणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी सून वा लेक बाळंतपणास आली असेल, त्यांनी एवढे तरी करावे. नाव नोंदविताना खोलीची आणि जेवणाची चौकशी आपण करतोच. त्याचबरोबर, दिवस भरण्यापूर्वीच कळा लागल्या तर येथे बाळाच्या श्वासास आधार देण्याची सोय आहे काय, ती रात्रीही चालते काय, आणि नसेल तर कोठे न्यावयाचे, हेही विचारावे. अकाली कळा लागल्या, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. त्या काही तासांत आईस मिळालेले एक इंजेक्शन बाळाच्या पुष्कळ कष्टांची बचत करते.

पाचवीची पूजा आजही घरोघर होते, आणि होवो. त्या रात्रीपर्यंत बाळास पोचविण्याचे काम मात्र सटवाईवर सोपवून चालणार नाही. ते बाळ स्वतः पहिल्या श्वासापासून कण्हत कण्हत ते काम करीत असते. त्याचे कण्हणे ऐकून वेळीच त्याच्या मदतीस जावे, एवढेच आपणांकडून त्यास हवे असते.